अंगकोर वाट: आत शिरल्यावर उजवीकडे वळा

नमस्कार श्रोतेहो. कंबोडियातलं अंगकोर वाट पाहून आलेल्या माणसाला विचारा, काय काय पाहिलंत? तळ्यातलं प्रतिबिंब आठवतं, झाडांच्या मुळांनी विळखा घातलेलं जवळचंच ता प्रोम देऊळ आठवतं, दुखलेले पाय तर आठवतातच. पण ज्या भिंतींवर कुरुक्षेत्र कोरलंय, त्या धूसर झालेल्या असतात. बहुतेक वेळा त्या चुकीच्या उन्हात आणि उलट्या क्रमानं पाहिलेल्या असतात. म्हणून आज मुख्यतः दिशा आणि ऊन यांबद्दल बोलू.

आधी अंगकोरच्या देवळांच्या प्रवेश-पासाचं उरकू. एका दिवसाचा पास 37 डॉलरला, तीन दिवसांचा 62 ला आणि सात दिवसांचा 72 ला. तीन दिवस सलग असावे लागत नाहीत, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. सात दिवसांच्या पासाला महिन्याची मुदत असते. पासावर तुमचा फोटो छापतात, त्यामुळे दुसऱ्याचा पास चालत नाही. तो देवळाच्या दारात मिळत नाही, सिएम रीप या जवळच्या शहरातल्या अधिकृत तिकीट केंद्रातून किंवा ऑनलाइन घ्यावा लागतो. संध्याकाळी पाचनंतर घेतलेला पास दुसऱ्या दिवसापासून मोजतात. आणि डॉलरची नोट जराशी फाटलेली असली तरी तिथे कुणी घेत नाही. एका दिवसात अंगकोर उरकायचा हट्ट करू नका, तीन दिवसांचा पास घ्या.

आता देऊळ. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन यानं ते विष्णूसाठी बांधलं. तिथली बहुतेक देवळं पूर्वाभिमुख, हे मात्र पश्चिमाभिमुख. त्यामुळे पहाटे पश्चिमेच्या दारातून पाहिलं, तर सूर्य शिखरांच्या मागून वर येतो. सगळी गर्दी डावीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या तळ्याकाठी जमते. सूर्य थेट मधल्या शिखरावर दिसतो तो विषुवदिनाच्या आसपास, मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. डिसेंबरात तो बराच उजवीकडे सरकलेला असतो. तेव्हा मधल्या शिखरावरचा सूर्य दिसेल या आशेनं नाताळच्या सुट्टीत गेलात, तर हिरमोड ठरलेला.

सूर्य वर आला की गर्दी नाश्त्याला परतते. तुम्ही परतू नका. देवळाच्या मागच्या अंगाला, पूर्वेच्या ओवरीत जा. कोवळं ऊन तिथे खांबांमधून तिरपं येतं आणि दक्षिणेकडच्या भागात जवळजवळ 49 मीटर लांबीचं समुद्रमंथन उठून दिसतं. मध्ये विष्णू, खाली कूर्म, डाव्या हाताला 92 असुर आणि उजव्या हाताला 88 देव. देवांच्या बाजूनं वासुकीचं टोक धरून उभा आहे तो चक्क हनुमान. हे उठावशिल्प फार उथळ कोरलंय. उजेड बाजूनं आला तरच आकार दिसतात. समोरून फ्लॅश मारला की भिंत सपाट होते आणि फोटोत करडा दगड तेवढा उरतो.

पश्चिमेची ओवरी दुपारी, तीनच्या सुमारास. पश्चिमेच्या दारातून आत शिरल्यावर उजवीकडे वळायचं. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपण देवाला उजवीकडे ठेवून प्रदक्षिणा घालतो. इथे देऊळ डाव्या हाताला ठेवून चालायचं, म्हणजे अपसव्य. शिल्पांचा क्रमही तसाच लावलेला आहे. म्हणूनच, शिवाय पश्चिमेकडच्या तोंडामुळे, अनेक अभ्यासक या देवळाचा संबंध राजाच्या अंत्यविधीशी जोडतात. या क्रमानं गेलात तर कुरुक्षेत्रात आधी कौरवांची फौज भेटते, तिच्यातच शरपंजरी भीष्म, मग मध्यावरची हातघाई आणि पुढे समोरून येणारे पांडव. चार हातांचा कृष्ण अर्जुनाचा रथ हाकतोय, तो नक्की शोधा. कोपरा वळला की दक्षिणेच्या ओवरीत सूर्यवर्मनची मिरवणूक, आणि तिच्यापुढे यमाचा दरबार: 37 स्वर्ग आणि 32 नरक. नरकांपाशी लोक जास्त वेळ थांबतात, आणि खरं सांगायचं तर कोरणाऱ्यानंही तिथे जास्त जीव ओतलाय. पूर्वेच्या ओवरीचा उत्तर भाग आणि उत्तरेची ओवरी नंतर, सोळाव्या शतकात कोरली गेली. हात कच्चा आहे, तिथे रेंगाळू नका. तो वेळ पश्चिमेच्या ओवरीच्या उत्तर भागातल्या लंकेच्या युद्धाला द्या.

शिल्पांना हात लावू नका. वालुकाश्मात पाणी आणि क्षार शिरून त्याचे पापुद्रे सुटतात, त्यात हजारो हातांचं तेल आणि घासणं. काही देवतांच्या मूर्ती काळ्या नि गुळगुळीत झाल्यात, त्या या स्पर्शानंच.

सगळ्यात वरचा मजला म्हणजे बाकान. दगडी पायऱ्या अगदी उभ्या, म्हणून आता त्यांवर लाकडी जिना बसवलाय. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. उघड्या खांद्यांवर नुसती ओढणी टाकली तर परत पाठवतात, बाह्यांचा सदराच लागतो. शिवाय बौद्ध पवित्र दिवशी हा मजला बंद असतो: पौर्णिमा, अमावस्या आणि दोन्ही अष्टम्या. निघण्यापूर्वी पंचांग उघडा, मात्र तिथल्या तिथीत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो.

एक सकाळ बांतेय स्रेई या देवळासाठी राखून ठेवा. सिएम रीपपासून हे सुमारे 37 किलोमीटर, टुकटुकनं तासाहून जास्त लागतो आणि चालक नेहमीच्या फेरीपेक्षा जादा पैसे घेतो. ते आधीच ठरवून घ्या. इसवी सन 967 मधलं हे देऊळ राजानं नव्हे, यज्ञवराह नावाच्या दरबाऱ्यानं बांधलं. दगड गुलाबी, कोरीव काम लाकडावर केल्यासारखं बारीक. आवारात दोन छोट्या इमारती आहेत, त्यांना ग्रंथालयं म्हणतात. त्यांच्या पूर्वेच्या दर्शनी भागांवर सकाळी ऊन येतं. दक्षिणेच्या इमारतीवर कैलास हलवणारा रावण, वेरूळला पाहिलेलाच प्रसंग, आणि उत्तरेच्या इमारतीवर खांडववनावर पाऊस पाडणारा इंद्र. पुष्कळ लोक इथूनच मागे फिरतात. त्याच इमारतींच्या पाठीमागे, पश्चिमेला, कामदहन आणि कंसवध आहेत. तिथे ऊन दुपारनंतर पोचतं, पण सावलीतसुद्धा कंसाच्या शेंडीला धरलेली कृष्णाची मूठ दिसते.