एका वर्षात दोन छाया कदम, आणि ऑस्करला गेलेला एकच सिनेमा

नमस्कार मंडळी.

परवा 'स्थळ' दुसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा थिएटरात पाहिला होता, तेव्हा सुरुवातीच्या प्रसंगाला सगळे खळखळून हसले होते. मुलगा बघायला बायका आल्यात, मुलगा समोर अवघडून बसलाय आणि त्याची चौकशी चाललीय. सविताला पडलेलं स्वप्न असतं ते. मग ती जागी होते, आणि पुढे तेच प्रश्न तिच्या वाट्याला येतात. नाव काय, उंची किती, शिक्षण काय, आवड कशाची. एकदा, दोनदा, पुन्हा एकदा. दुसऱ्या पाहुण्यांपर्यंत थिएटरातलं हसू थांबलं होतं. जयंत सोमलकरांनी हा सिनेमा चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात केला. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला आशियाई सिनेमांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तो लागला मार्च २०२५ मध्ये.

पाहून झाल्यावर आमच्या ग्रुपवर ठरलेला प्रश्न आला: "हा ऑस्करला का नाही गेला?" दरवर्षी सप्टेंबर आला की आमच्यात यावरून भांडणं होतात, म्हणून आज नीट सांगतो.

[पडद्यावर: प्रवेशिका – १५ची यादी – ५ नामांकनं]

आपण 'ऑस्करला गेला' म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा तो फक्त भारताची प्रवेशिका झालेला असतो. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय सिनेमाच्या विभागात प्रत्येक देशाला एकच सिनेमा पाठवता येतो. आपल्याकडे तो फिल्म फेडरेशन ऑफ इंडियाची समिती निवडते. मग सगळ्या देशांच्या सिनेमांतून अकादमीचे, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेचे, सदस्य १५ निवडतात आणि त्यातून ५ नामांकनं निघतात. या विभागात आपण नामांकनापर्यंत तीनदाच पोहोचलो: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. मराठीतून 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' आणि 'कोर्ट' हे तीन सिनेमे प्रवेशिका म्हणून गेले, तिन्ही नामांकनाआधीच थांबले. 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार मिळाले होते, तरीही.

का थांबतात, हे समजून घ्यायला २०२४ सारखं वर्ष नाही.

त्या वर्षी आपल्या छाया कदम दोन सिनेमांत होत्या. 'लापता लेडीज'मध्ये रेल्वे स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई. आणि पायल कपाडियांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'मध्ये मुंबईतल्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, मूळची रत्नागिरीकडची पार्वती. बिल्डर तिला खोलीतून काढतोय आणि इथे राहिल्याचा एकही कागद तिच्याकडे नाही. एका रात्री ती आणि नर्स प्रभा बिल्डरच्या टॉवरच्या जाहिरातीवर दगड भिरकावतात. छायाताईंचा चेहरा बघा त्या क्षणी. इतक्या वर्षांचा राग आहे, आणि लहान पोरीसारखा आनंदही आहे. शेवटी गाशा गुंडाळून ती गावी परतते आणि सिनेमा कोकणच्या किनाऱ्यावर उतरतो. मला विचाराल तर मुंबई सोडून जाणाऱ्या बाईवर इतकं खरं काम मी अलीकडे पाहिलेलं नाही.

या सिनेमाला मे २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री मिळालं, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा मान. मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा पोहोचला होता तोच ३० वर्षांनी. सप्टेंबरमध्ये समितीनं निवडला 'लापता लेडीज'. कपाडियांचा सिनेमा युरोपीय वाटतो, भारतीय नाही, असं समितीचं मत पडल्याचं फेडरेशनच्या अध्यक्षांनी सांगितलं. समितीत १३ जण होते, एकही बाई नव्हती. आणि ठरवायचं होतं ते बायकांवरच्या सिनेमांचं. याचं मला आजही वाईट वाटतं.

'लापता लेडीज' मला आवडतो, मंजू माईसाठी तर पुन्हा पाहीन. पण प्रश्न आवडीचा नाही. अकादमीच्या सदस्याच्या जागी बसून बघा. त्या वर्षी पात्र ठरलेले सिनेमे होते ८५. हे सदस्य स्वतः कामधंद्यातली माणसं, घरी संध्याकाळी अकादमीच्या साइटवर सिनेमे बघतात. ते आधी कुठला लावणार? ज्याचं नाव मे महिन्यापासून कानावर पडतंय तो. आपली निवड जाहीर होते सप्टेंबरअखेर, १५ची यादी लागते डिसेंबरच्या मध्यावर. तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ. तेवढ्यात अमेरिकेत वितरक शोधायचा, खास खेळ लावायचे, दिग्दर्शकाला तिकडे न्यायचं, लोकांना सिनेमाचं नाव सांगत फिरायचं. कपाडियांच्या सिनेमाचं हे सगळं आधीच सुरू झालेलं होतं. गोल्डन ग्लोबला त्याला दोन नामांकनंही मिळाली, त्यातलं एक दिग्दर्शनासाठी.

यादी लागली तेव्हा १५ मध्ये 'लापता लेडीज' नव्हता. एक हिंदी सिनेमा मात्र होता, संध्या सुरींचा 'संतोष'. तो ब्रिटननं पाठवला होता!

'श्वास'च्या वेळी २००४ मध्ये हेच झालं होतं. परशाच्या डोळ्यांत कॅन्सर आहे, ऑपरेशननंतर त्याला काहीच दिसणार नाही. ऑपरेशन पुढे ढकललं जातं आणि आजोबा त्याला हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर काढून शहर दाखवत फिरवतात. अरुण नलावडे नातवाकडे ज्या नजरेनं बघतात, ती मला विसरता येत नाही. 'श्यामची आई'नंतर पहिल्यांदाच मराठीला सर्वोत्कृष्ट सिनेमाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळालं होतं. पण अमेरिकेत तो सिनेमा दाखवायचा तर पैसा हवा, आणि तो निर्मात्यांकडे नव्हता. इथल्या लोकांनी वर्गणी काढली. माझ्या बाबांनीही दिली होती. किती दिली ते आईला कळू दिलं नाही.

म्हणून आमच्या ग्रुपवर आता मी एकच गोष्ट विचारतो: या सिनेमामागे आत्ता तिकडे कोण उभं आहे? 'स्थळ'साठी विचारलं, तेव्हा कोणाकडे उत्तर नव्हतं. रोहन कानवडेंच्या 'साबर बोंडं'ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांतलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, यांची ती गोष्ट. नाव आधीच तिकडे पोहोचलेला मराठी सिनेमा. असा पुन्हा हाती लागला तर निवड समितीनं जूनमध्येच बसावं, सप्टेंबरची वाट बघू नये, एवढं माझं म्हणणं आहे.

तुमच्या मते मराठीतून कुठला सिनेमा जायला हवा होता? कमेंटमध्ये नाव लिहा, आणि त्यातला एक प्रसंगही लिहा. पुढच्या भागात 'कोर्ट' घेतोय, वीरा साथीदारांच्या नारायण कांबळेपासून सुरुवात करू.