इन्व्हर्टरमधील पल्सची खरी रुंदी

ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दोन रेषा आहेत. वरची रेषा म्हणजे मायक्रोकंट्रोलरने गेट ड्रायव्हरकडे (स्विच चालू-बंद करणाऱ्या सर्किटकडे) पाठवलेला पल्स आणि खालची म्हणजे मोटरच्या एका फेजवर प्रत्यक्ष उमटलेला व्होल्टेज. दोन्हींची रुंदी सारखी नाही, आणि मंद गतीत मोटर थरथरते तेव्हा त्याचे मूळ पुष्कळदा याच फरकात सापडते.

इन्व्हर्टर म्हणजे डीसीपासून मोटरसाठी एसी बनवणारे सर्किट. त्याच्या प्रत्येक लेगमध्ये, म्हणजे एका फेजच्या शाखेत, वर-खाली असे दोन आयजीबीटी (इलेक्ट्रॉनिक स्विच) असतात. दोन्ही एकाच वेळी चालू झाले तर डीसी बस, म्हणजे इन्व्हर्टरला पुरवठा करणारी डीसी लाइन, शॉर्ट होते. म्हणून एक बंद केल्यावर दुसरा चालू करण्यापूर्वी थोडा वेळ दोन्ही बंद ठेवावे लागतात. यालाच डेड टाइम म्हणतात. समजा, हा डेड टाइम 2 मायक्रोसेकंद, स्विचिंग 10 किलोहर्ट्‌झ आणि बस 600 व्होल्टची आहे. अशा वेळी आउटपुटमध्ये सरासरी 12 व्होल्टची चूक शिरते. पूर्ण वेगात ती खपून जाते, पण मोटर अगदी हळू फिरवायची असते तेव्हा द्यायचा व्होल्टेजच जेमतेम तेवढा असतो.

करंट मोटरकडे जात असेल तर डेड टाइममध्ये तो खालच्या आयजीबीटीला जोडलेल्या डायोडमधून वाहतो आणि पल्स अरुंद होतो; मोटरकडून येत असेल तर वरच्या डायोडमधून वाहतो आणि पल्स रुंदावतो. व्होल्टेजमधील या चुकीची दिशा अशी दर अर्ध्या आवर्तनाला उलटत असल्यामुळे करंटमध्ये पाचवा व सातवा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पाचपट व सातपट घटक) येतो आणि टॉर्क (फिरवणारा जोर) मूळ वारंवारतेच्या सहापटीने हेलकावतो.

करंटची दिशा पाहून पल्सची रुंदी तेवढीच वाढवणे किंवा घटवणे हा उपाय कागदावर सोपा आहे. खरी कसोटी लागते ती करंट शून्याजवळ आल्यावर, कारण तेथे रिपलमुळे (स्विचिंगने येणाऱ्या बारीक चढउतारामुळे) दिशा भरवशाने ओळखता येत नाही. शिवाय करंट क्षीण असल्याने आयजीबीटीची कपॅसिटन्स सावकाश चार्ज होते, व्होल्टेजची कड तिरकी पडते आणि पूर्ण भरपाई दिल्यास ती उलट जास्त होते. म्हणून शून्याच्या आसपास भरपाई एकदम न उलटवता उतारावरून न्यावी.

पल्स आखणाऱ्या टायमरच्या रिझोल्यूशनची, म्हणजे त्याच्या सर्वांत लहान पायरीची, चर्चा मात्र गरजेपेक्षा अधिक होते. 100 मेगाहर्ट्‌झच्या घड्याळावर एक पायरी 10 नॅनोसेकंदांची, म्हणजे वरच्या डेड टाइमच्या दोनशेव्या भागाइतकी असते. त्यापेक्षा फेजवरील व्होल्टेजची कड कंपॅरेटरने (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या सर्किटने) टिपून, आयसोलेशनमधून (विद्युतदृष्ट्या अलग ठेवणाऱ्या दुव्यातून) कंट्रोलरकडे आणून, पुढच्या पल्समध्ये फरक भरून काढणे अधिक खात्रीचे, कारण त्यात ड्रायव्हरचा विलंबही आपोआप धरला जातो.