गाव छोटं, चार्जर केवढा?

गावात इलेक्ट्रिक गाड्यांचं सार्वजनिक चार्जिंग सुरू करायचं म्हटलं की पहिला प्रश्न असतो, "किती किलोवॅटचा बसवू?" त्याआधी दोन गोष्टी बघा: गाडी तिथे किती वेळ उभी राहणार आणि ट्रान्सफॉर्मरवर आणखी किती भार टाकता येईल.

उदाहरणार्थ, ६० किलोवॅटचा डीसी फास्ट चार्जर, म्हणजे बॅटरीला थेट डीसी वीज देणारा. उष्णतेत जाणारी तूट धरून तो ६५ किलोवॅटच्या आसपास ओढतो. ४०० व्होल्टच्या थ्री-फेजवर हे दर फेजला साधारण ९५ अँपिअर झाले. १०० केव्हीए क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर दर फेजला १४४ अँपिअर देतो, आणि त्यावर घरं, दुकानं, पंप आधीपासून आहेतच. संध्याकाळी व्होल्टेज खाली गेलं की चार्जर फॉल्ट दाखवून थांबतो. शिवाय बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की स्वतःच करंट उतरवते. महागडं यंत्र रेंगाळतं आणि मागचा ताटकळतो. फास्ट चार्जर हवा तर मुख्य रस्त्यालगत, त्याच्या स्वतंत्र ट्रान्सफॉर्मरवर.

बाजार, दवाखाना, बसस्थानक इथे गाडी दोन-तीन तास उभीच असते. तिथे ७.४ किलोवॅटचे टाइप-२ (कारच्या प्लगचा एक प्रकार) एसी पॉइंट पुरतात: सिंगल फेज, ३२ अँपिअर. तीन तासांत बॅटरीत २० युनिटांच्या आसपास पडतात, लहान कारला सव्वाशे किलोमीटर. २२ किलोवॅटच्या पाटीला मात्र भुलू नका. एसीवर चार्जिंग करतो तो गाडीतला चार्जर. तो सिंगल फेजचा असेल तर २२च्या पॉइंटवरही ७.४च्या वर जाणार नाही, ३.३चा असेल तर ३.३च.

पॉइंट ट्रान्सफॉर्मरपासून लांब असेल तर केबलमध्ये कंजुषी नको. ५० मीटर अंतराला ६ चौरस मिलिमीटर तांब्याची तार घातली, तर ३२ अँपिअरला ९ व्होल्ट वाटेतच जातात. १०ची घातली तर साडेपाच.

स्कूटरसाठी वेगळं काही लागत नाही. ३ युनिटची बॅटरी, ७५० वॅटचा चार्जर, साडेचार-पाच तास. अशा दहा स्कूटर एकदम लावल्या तरी भार एका कारच्या पॉइंटएवढाच. छप्पर असलेल्या जागी सॉकेटची एक रांग, बस्स. हिशेबात हा भाग बहुतेक वेळा सुटतो.

आता बिघाड. साध्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर कार लावली की १५ अँपिअर तासन्‌तास वाहतात. पकड सैल होऊन सांध्यात ०.०५ ओहमचा अडथळा आला, तर तेवढ्याशा जागेत ११ वॅट उष्णता साठते आणि सॉकेट वितळतं. औद्योगिक सॉकेट वापरा, वर्षातून एकदा स्क्रू आवळा. पिनेजवळ तपकिरी डाग दिसला तर ते सॉकेट त्याच दिवशी बदला.

दुसरा बिघाड अर्थिंगचा. जमीन वाळली की अर्थिंगचा रोध वाढतो आणि गाडी चार्जिंग नाकारते. लोक चार्जरला शिव्या घालतात. रोध मोजायचा तो उन्हाळ्यात, पावसाळ्यात नव्हे. संरक्षणासाठी साधी एसी प्रकारची आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) चालत नाही, कारण गाडीतून डीसी गळती आली तर ती आंधळी होते. डीसी गळतीही ओळखणारी टाइप बी बसवा, किंवा टाइप ए आणि सोबत ६ मिलिअँपिअरचं डीसी संरक्षण.

आणि मोबाइलची रेंज. पॉइंट फक्त ॲपवर सुरू होत असेल तर नेटवर्क गेल्यावर तो नुसता खांब. आरएफआयडी कार्डांची (यंत्राजवळ धरली की ओळख पटवणारी कार्डं) यादी यंत्रातच साठवता येते. खरेदीपूर्वी सिम काढून कार्ड चालतं का ते विक्रेत्यासमोर तपासा.