जिल टार्टर : संकेत खरा कशावरून?

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ जिल टार्टर यांना परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांच्या शोधात ओढलं ते एका जुन्या संगणकानं. बर्कलीला शिकताना त्यांनी पीडीपी-८ चालवला होता. पुढे तोच संगणक खगोलशास्त्रज्ञ स्टुअर्ट बॉयर यांच्याकडे देणगी म्हणून आला, आणि त्याचा जाणकार हवा होता. बॉयर यांनी नासाचा 'सायक्लॉप्स' अहवाल टार्टर यांना वाचायला दिला; परग्रहावरच्या जीवांचे रेडिओसंकेत कसे शोधता येतील, याचा तो आराखडा होता. त्यानंतर टार्टर यांनी हे काम सोडलं नाही.

शोधायचं काय? तारे, वायूचे ढग यांच्या रेडिओलहरी अनेक वारंवारितांवर पसरलेल्या असतात. मुद्दाम पाठवलेला संदेश मात्र अगदी अरुंद पट्ट्यात मावू शकतो. अडचण अशी, की आपले उपग्रह आणि रडारही तसेच बोलतात.

१२ ऑक्टोबर १९९२ ला नासानं मोठी शोधमोहीम सुरू केली. वर्षभरातच अमेरिकी संसदेनं तिचा पैसा तोडला. टार्टर आणि सहकाऱ्यांनी खासगी देणग्या उभ्या केल्या आणि १९९५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स रेडिओ दुर्बिणीवरून हा शोध 'प्रोजेक्ट फिनिक्स' या नावानं पुन्हा सुरू झाला.

जून १९९७. वेस्ट व्हर्जिनियातलं ग्रीन बँक. ४३ मीटरची रेडिओ दुर्बीण एका ताऱ्यावर रोखलेली, आणि पडद्यावर अरुंद पट्ट्याचा संकेत! दुर्बीण बाजूला वळवली, संकेत गेला. परत ताऱ्यावर आणली, संकेत हजर. म्हणजे तो ताऱ्याच्याच दिशेनं येतोय असं दिसत होतं. खातरजमेसाठी दुसरी दुर्बीण अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात होती, आणि नेमकी तीच बंद. कोणी घोषणा केली नाही. तासन्‌तास तपासणी चालली. शेवटी उलगडलं : हा सोहोचा आवाज होता. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून सूर्यावर नजर ठेवणारं, आपलंच यान.

हा दिवस मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याची इतकी वर्षं वाट पाहिली, ते समोर आल्यासारखं दिसत असताना त्यावरच शंका घेत राहणं सोपं नाही.

२००४ पर्यंत फिनिक्सनं सुमारे ८०० तारे तपासले. हाती काही लागलं नाही. टार्टर म्हणतात, समुद्रातून पेलाभर पाणी काढलं आणि त्यात मासा नाही, म्हणून समुद्रात मासेच नाहीत असं कोण म्हणेल?

मग कॅलिफोर्नियात हॅट क्रीकला ४२ अँटेनांची ॲलन दुर्बीण उभी राहिली, खास या शोधासाठी. २०११ मध्ये पैशाअभावी ती काही महिने बंद पडली. लोकांच्या वर्गणीनंही तिला पुन्हा उभं राहायला हातभार लावला. २०१२ मध्ये टार्टर यांनी या शोधाचं काम करणाऱ्या सेटी संस्थेतल्या संशोधन केंद्राचं प्रमुखपद सोडलं, ते पुढच्या पिढीच्या शोधासाठी निधी गोळा करायला.