बेटाची कचरावही

माइक येतोय ना मागेपर्यंत? हां. अध्यक्षांनी मला ‘पर्यावरणतज्ज्ञ’ करून टाकलं, ते जरा खोडून काढतो. मी बोटीवरचा माणूस. मालवाहू जहाजांवर आयुष्य गेलं, चीफ ऑफिसर म्हणून उतरलो. चीफ ऑफिसर म्हणजे बाहेरून खांद्यावर पट्ट्या आणि आतून कारकून. जहाजावर जेवढ्या वह्या असतात त्यातल्या निम्म्या त्याच्या डोक्यावर. आज त्यातल्या एका वहीबद्दलच बोलायचंय. पत्रिकेत विषय ‘पर्यटन आणि बेटांचे पर्यावरण’ असा भारदस्त छापलाय. तिथेही येऊ.

आधी सांगा, मालदीवला कोण कोण जाऊन आलंय? बरेच हात आहेत. जानेवारी २०२४ नंतर, म्हणजे ते ‘बॉयकॉट मालदीव’ गाजलं त्यानंतर, कोण गेलं? (हशा) बघा, निम्मे हात खाली. घाबरू नका, मी कुणाला नावं सांगणार नाही.

तुम्ही पाहिलेला मालदीव मला ठाऊक आहे. पाण्यावरच्या खोल्या, काचेची जमीन, खाली मासे. तुम्ही न पाहिलेलं एक बेट सांगतो. थिलाफुशी. राजधानी मालेपासून पश्चिमेला सहा-सात किलोमीटर, बोटीने अर्धा-पाऊण तास. कुठल्याच टूरवाल्याच्या कार्यक्रमात ते नसतं. मुळात ते बेट नव्हतंच, उथळ लगून होतं, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडचं शांत पाणी. १९९२ पासून राजधानीचा आणि आजूबाजूच्या रिसॉर्टांचा कचरा तिथे जायला लागला. सुरुवातीला शिस्त होती: खड्डा खणायचा, कचरा भरायचा, वर वाळू. पुढे कचरा एवढा वाढला की खड्डे खणायला उसंत राहिली नाही, सरळ पाण्यात लोटायला लागले. त्या भरावाची जमीन झाली, जमिनीवर कारखान्यांना भाडेपट्टे दिले, बोटी बांधायचे धंदे आले, सिमेंटची गोदामं आली. उरलेला कचरा वर्षानुवर्षं उघड्यावर जळत होता. पश्चिमेचा वारा सुटला की धूर मालेवर. काम करणारे बहुतेक बांगलादेशातून आलेले मजूर. उघड्यावर जाळणं २०२१ मध्ये थांबवलं, हे त्या सरकारच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण तोवर जवळजवळ तीन दशकं गेली होती.

मी काही त्यांना हसायला उभा नाही. देश केवढा? अकराशे-बाराशे बेटं, सगळी जमीन मिळून साधारण तीनशे चौरस किलोमीटर. लोकवस्ती पाच लाखांच्या आसपास. पहिलं रिसॉर्ट १९७२ सालचं, आणि २०२४ या एका वर्षात वीस लाखांवर पर्यटक. भाजी, तांदूळ, सिमेंट, टाइल्स, शॅम्पूच्या बाटल्या, सगळं बाहेरून येतं. आपल्या तुतीकोरीनहून अजूनही धोण्या भरून माल जातो. लाकडी गलबतं हो, कांदे-बटाट्यांपासून खडीपर्यंत काय वाटेल ते घेऊन निघतात.

आता माझ्या वहीकडे येतो. जहाजांसाठी ‘मार्पोल’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्याचं पाचवं परिशिष्ट कचऱ्याचं, ३१ डिसेंबर १९८८ पासून लागू. प्लॅस्टिक समुद्रात टाकायचं नाही. कुठल्याच समुद्रात नाही, किनाऱ्यापासून कितीही लांब असलात तरी नाही. मोठ्या जहाजावर ‘गार्बेज रेकॉर्ड बुक’ ठेवावंच लागतं. कचरा कुठल्या प्रकारचा, किती घनमीटर, जाळला की बंदरात उतरवला, तारीख, वेळ, जहाज तेव्हा नेमकं कुठे होतं, आणि पुढे जबाबदार अधिकाऱ्याची सही. पान भरलं की खाली कप्तानाची सही. बंदरात उतरवला तर तिथली पावती. वही संपली तरी दोन वर्षं सांभाळायची.

एक किस्सा सांगतो. आमच्या सौंनी हा इतक्यांदा ऐकलाय की त्या मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्यात.

एका परदेशी बंदरात, नाव सोडून द्या, तपासणीला एक अधिकारी चढला. सडपातळ, कमी बोलणारा. असल्या माणसाची बोटीवर फार भीती. त्याने वही चाळली, मान हलवली. मला वाटलं सुटलो. तर म्हणतो, रसद पुरवणाऱ्याचं बिल आणा. आणलं. मागच्या बंदरात पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांची खोकी घेतली होती. त्याने आकडा लिहिला. मग गोदामात जाऊन शिल्लक खोकी मोजली. मग रिकाम्या बाटल्यांच्या पिंपाकडे गेला आणि, खोटं वाटेल तुम्हाला, पिंप डेकवर उपडं करून बाटल्या मोजल्या! चाळीसेक बाटल्या कमी. वर बघून एवढंच विचारतो, “बाकीच्या कुठे?”

समुद्रात फेकल्या म्हटलं तर दंड, बोट अडकणार, माझ्या कागदपत्रांवर काट. सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, बोलावलं. तो देवगडचा, वाघासारखा माणूस, पण त्या दिवशी त्याचाही आवाज गेला. एवढ्यात आमचा भंडारी, म्हणजे बोटीवरचा आचारी बरं का, हात पुसत बाहेर आला आणि मला म्हणाला, “साब, इसको इधर भेजो.” गॅलीमागच्या, म्हणजे स्वयंपाकघरामागच्या खोलीत नेलं, तर खिडकीखाली ओळीने आडव्या कापलेल्या बाटल्या, त्यात माती, मातीत कोथिंबीर, मिरची, पुदिना. माती त्याने कुठल्या बंदरातून आणली हे मी आजवर विचारलेलं नाही, आणि त्या अधिकाऱ्यालाही तेव्हा सुचलं नाही, ही देवाची कृपा. त्याने त्या बाटल्यासुद्धा मोजल्या. दोन कमी भरल्या. भंडाऱ्याने कपाटातून दोन काढल्या, एकीत व्हिनेगर, एकीत मोहरीचं तेल. हिशेब जुळला. वहीत शेरा काय लिहिला माहितीये? ‘बाटल्या वापरात: भाजीपाला.’ आणि जाताना पुदिन्याची काडी हुंगत गेला. (हशा)

हसलात ना? माझं भाषण तेवढंच आहे खरं तर. त्या माणसाने समुद्रात तरंगणारी एकही बाटली शोधली नाही. आलं किती आणि आहे किती, एवढंच विचारलं.

किती मिनिटं? दहा? पत्रिकेत तासभर लिहिलं होतं. बरं, स्वागतालाच वीस गेली.

बेट म्हणजे नांगरलेलं जहाज. सगळं बोटीने येतं, आणि परत गेलं नाही तर तिथेच राहतं. वीस-पंचवीस खलाशांच्या बोटीला कचऱ्याची वही सक्तीची, आणि दोनशे खोल्यांच्या रिसॉर्टाला? त्याच्याकडे कासवांच्या फोटोंचं माहितीपत्रक असतं. काही चांगले आहेत, मान्य. कित्येक रिसॉर्टं समुद्राचं पाणी गोडं करून काचेच्या बाटल्यांत भरतात, कचरा जाळायची स्वतःची भट्टी चालवतात. पण भट्टीची राख कुठे जाते? जहाजावर राखेचाही रकाना असतो हो!

डिसेंबर २०१४ मध्ये मालेच्या पाणी कंपनीत आग लागली, लाखावर लोकांचं पाणी तुटलं. आपण विमानांनी पाणी पाठवलं, नौदलाची जहाजं पाठवली. अभिमानाचीच गोष्ट आहे. त्यातलं बाटलीबंद पाणी पिऊन झाल्यावर बाटल्या कुठे गेल्या, यावर मात्र कुणी पत्रकार परिषद घेतली नाही.

तर भराभर सांगतो. मालदीवमध्ये आत येणाऱ्या मालाचा हिशेब कस्टमकडे आधीच आहे. प्रत्येक रिसॉर्टाने बाहेर जाणाऱ्याची वही ठेवायची, प्रकारवार, व्यवस्थापकाच्या सहीने. दोन्ही ताडून बघायचं. माल आणणारा बार्ज, म्हणजे सपाट बुडाची मालवाहू बोट, परत जाताना बहुधा रिकामाच असतो, त्यातून दाबलेलं प्लॅस्टिक आणि भंगार परत पाठवायचं. लोखंडाचं भंगार तिथून आपल्याकडे येतंच, कारण त्याला भाव आहे. ज्याला भाव नाही त्याच्या भाड्याला पैसा लागेल. तो आहे. २०१५ पासून ते पर्यटकाकडून हरित कर घेतात, जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टात माणशी रात्रीला बारा डॉलर. पण रिसॉर्ट कचरा कमी करो नाहीतर ढीग लावो, कर तेवढाच. तो वहीला जोडा, हिशेब जुळला तर सूट, नाही जुळला तर दुप्पट.

स्थानिक बेटांवरची चार खोल्यांची गेस्टहाऊसं वही ठेवू शकणार नाहीत, तिथे बेटाच्या पंचायतीने एकच ठेवावी. प्रवाहाबरोबर दुसऱ्या देशांचा कचरा वाहून येतो, तो कुणाच्याच वहीत बसत नाही, ही माझ्या योजनेतली खोट आहे. सांडपाणी राहिलं. फिलिपिन्सच्या बोराकायला २०१८ मध्ये सांडपाण्यापायीच अख्खं बेट सहा महिने पर्यटकांना बंद ठेवावं लागलं, त्यात हातावर पोट असणारे आधी भरडले गेले. प्रवाळावर माझी आठ पानं आहेत, ती घरी घेऊन जातो.

आणि ज्यांचे हात जानेवारी २०२४ नंतर खाली गेले, ते आता लक्षद्वीपला निघालेत, ठाऊक आहे मला. वस्तीची बेटं दहा, ओसाड धरून सगळी मिळून बत्तीस चौरस किलोमीटर, जायला परवाना लागतो. परवाना आपलाच, कोचीची बोटही आपलीच. वही तिथे सुरू करायला कुठल्या परराष्ट्राची मनधरणी नको.

अध्यक्ष उठलेच. एकच, एकच. बुकिंग करताना समुद्र किती निळा आहे ते विचारू नका, तो निळाच असतो. तुमचा कचरा कुठल्या बोटीने जातो आणि पावती मिळते का, ते विचारा. मी एका रिसॉर्टाला ईमेल करून विचारलं होतं. त्यांनी तत्परतेने उत्तर दिलं, सोबत मसाजचं दरपत्रक जोडून.