अडकलेली कात आणि टबातलं पाणी

(दृश्य: वेंगुर्ल्याजवळचं कौलारू घर, मागे मोहोरलेली कलमं.)

जानेवारीची सकाळ. डोंगराकडून येणारा मतलई वारा अजून पडलेला नाही. कोकणची हवा दमट, असं आपण बारा महिने म्हणतो; पण थंडीत हाच सकाळचा वारा ओठ फोडतो. या घरात त्याचा त्रास आणखी एकाला झालाय. पडवीलगतच्या खोलीत, काचेच्या पेटीत राहणाऱ्या बॉल पायथन या पाळलेल्या सापाला. त्याने कात टाकायला घेतली आणि ती अर्ध्यावर अडकली.

निरोगी साप कात एकसंध टाकतो, पायातला मोजा उलटा काढावा तशी. इथे पाठीवर तुकडे चिकटलेत आणि शेपटीच्या टोकाला एक कडं राहिलंय. खरी काळजी त्या कड्याची. वाळेल तसं ते आवळतं, रक्त अडतं. दोन-तीन वेळच्या काती तिथेच साचल्या, तर शेपटीचं टोक काळं पडून गळतं.

हा साप पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तो पाळायचा तर २०२४च्या नियमांप्रमाणे ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर त्याची नोंद हवी. आपल्या व्हाळातली दिवड, आगरातली धामण, रानातला अजगर यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. त्यांना घरात ठेवायचंच नाही.

(दृश्य: विहीर, कळशी, पसरट प्लास्टिकचा टब.)

अडकलेली कात सैल व्हावी म्हणून सापाला थोडा वेळ टबातल्या पाण्यात ठेवायचं. पाणी विहिरीचं चालेल. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होतात, ते पाणी मात्र नको. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल, तर बादली रात्रभर उघडी ठेवावी. बंबातलं ऊन पाणी गार पाण्यात मिसळायचं, नीट ढवळायचं आणि मगच थर्मामीटर बुडवायचा. २८ ते ३० अंश सेल्सिअस, त्यावर नाही.

प्रेमाने केलेला घात होतो तो इथेच. आपल्या हाताची त्वचाच साधारण ३३ अंशांवर असते. म्हणजे हाताला छान कोमट लागलेलं पाणी सापासाठी जास्त तापलेलं असतं. त्याला घाम येत नाही, धापा टाकून अंग निववता येत नाही. भोवतालचं पाणी जितकं तापलेलं, तितका तो आतून तापत जातो. त्याला सोसणारं पाणी आपल्या हाताला किंचित गारच लागतं. म्हणून हातावर विसंबू नका.

आता पाण्याची खोली. सापाच्या अंगाच्या निम्म्या जाडीइतकं पाणी पुरे. पोट तळाला टेकलेलं आणि डोकं विनासायास वर. साप पोहतो हे खरं, पण टेकायला जागा नसली की तोही दमतो, आणि दमलेला साप बुडतो. टबावर भोकं पाडलेलं घट्ट झाकण हवं आणि शेजारी माणूस. फोन वाजला तरी उठायचं नाही. पाण्यात साबण नाही, हळद नाही, आणि कोकणातल्या घरात हात आपोआप जातो ते खोबरेलही नाही.

(दृश्य: ओल्या टॉवेलमधून सरकणारा साप.)

पंधरा-वीस मिनिटं झाली. त्याने पाण्यात घाण केली असती, तर लगेच पाणी बदलावं लागलं असतं. आता ओल्या टॉवेलच्या सैल घडीतून त्याला त्याच्या चालीने जाऊ द्यायचं. कापडाला घासून कात सुटते. आपण ओढायची नाही. खालची कातडी अजून कोवळी असते. शेपटीचं कडं आज निघालं नाही, तर उद्या पुन्हा पंधरा मिनिटं. एकाच दिवशी दोन तास नव्हे.

डोळ्यांना हात लावायचा नाही. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर निघतो. तो राहिला म्हणून चिमट्याने काढायला जाल, तर डोळाच जायचा. ते काम सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याचं.

नुकतं खाल्लेल्या सापाला दोन दिवस तरी टबात घालू नये, खाल्लेलं उलटून पडतं. नाकातोंडातून बुडबुडे येत असतील, तर टब बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठावा. टब सापाचा तो सापाचाच. स्वयंपाकघरातलं भांडं त्यासाठी घेऊ नये. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून पाणी शौचालयात ओतावं आणि हात साबणाने धुवावेत.

एवढं सगळं करूनही टब हा तात्पुरताच इलाज. आफ्रिकेत हा साप उंदरांच्या बिळात, वाळवीच्या वारुळात दडतो. तिथली हवा बाहेरच्यापेक्षा ओलसर. इथे पेटीखालचा हीटर ती सुकवतो. म्हणून कात टाकायच्या दिवसांत पेटीत एक झाकलेला डबा ठेवावा, आत जाण्यापुरतं भोक, तळाला धुऊन पिळलेला काथ्या. खाऱ्या पाण्यात कुजवलेला काथ्या असेल, तर खार जाईपर्यंत धुवावा. आर्द्रतामापक ६० टक्क्यांच्या आसपास राहिला, तर बहुतेक वेळा टब काढावाच लागत नाही.

पावसाळ्यात काम उलटं होतं. जुलैत इथे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तशात साप भिजवला किंवा ओल्या काथ्यावर ठेवला, तर पोटाच्या खवल्यांवर लालसर डाग आणि फोड येतात. तेव्हा टब माळ्यावर टाकायचा, पेटीतली हवा खेळती ठेवायची आणि रोज सापाचं पोट उलटून बघायचं.