झरमॅटला तीन रात्री

श्रोतेहो, नमस्कार.

आल्प्समध्ये जायचा बेत ज्यांच्या घरात शिजतोय, त्यांच्याशी आज थोडं बोलायचं आहे. सगळ्या आल्प्सबद्दल नाही हं, एकाच गावाबद्दल. झरमॅट. स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटलीच्या सीमेवरच्या डोंगरांना टेकून बसलेलं गाव. मी तिथे दोनदा गेले, आणि पहिल्यांदा गेले तेव्हा ज्याच्यासाठी गेले होते तो डोंगर मला दिसलाच नाही.

तो डोंगर म्हणजे मॅटरहॉर्न. उंची ४,४७८ मीटर. टॉब्लरोन चॉकलेटच्या खोक्यावर इतकी वर्षं ज्याचं चित्र असायचं, तोच. २०२३ साली ते चित्र बदललं, कारण चॉकलेटचं काही उत्पादन स्लोव्हाकियात हलवायचं ठरलं आणि स्विस कायदा असा कडक, की माल पुरेसा स्विस नसेल तर स्विस डोंगरही खोक्यावर छापायचा नाही.

तर पहिली खेप. दहा दिवसांत पाच देश, असा दौरा. झरमॅटच्या वाट्याला सकाळी दहा ते दुपारी तीन. पोचलो तर समोर नुसता ढग. आमच्याबरोबरचा वाटाड्या मुलगा बिचारा हात वर करून सांगत होता, "तो बघा, तिथे, त्याच्या मागे आहे." आणि आम्ही चाळीसेक माणसं त्या ढगाचे फोटो काढत होतो. माझ्या जाऊबाईंनी दुकानातून मॅटरहॉर्नचं चित्र असलेलं, फ्रिजला चिकटवायचं लोहचुंबक घेतलं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या तेच दाखवायच्या. "हा बघा, आम्ही न बघितलेला डोंगर."

म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही दोघींनी एकच गोष्ट ठरवली. झरमॅटला तीन रात्री राहायचं. त्यासाठी बाकीची दोन-तीन गावं गाळावी लागली तरी चालतील. तुम्हालाही माझं सांगणं हेच आहे.

आता जायचं कधी? इथे आपली खरी अडचण होते. आपल्याला सुट्ट्या दोन, मे महिन्याची आणि दिवाळीची. आणि झरमॅटचे मरगळीचे दिवसही नेमके तेवढेच. ईस्टर उलटला की हिवाळ्यातली बर्फावर घसरणारी मंडळी पांगतात, आणि उन्हाळ्यातली चालणारी मंडळी यायला जून उजाडतो. मधल्या मे महिन्यात बरीच हॉटेलं बंद, डोंगरावर नेणारे काही तारेवरचे पाळणे दुरुस्तीला काढलेले, आणि वरच्या पायवाटांवर बर्फ तसंच. पायवाटेवरचं मे महिन्यातलं बर्फ म्हणजे भुसभुशीत चिखल असतो, सिनेमातलं नव्हे. ऑक्टोबरचा मध्य ते नोव्हेंबरअखेर पुन्हा तेच. गावातून वर गोर्नरग्राट नावाच्या डोंगरावर जाणारी रेल्वे बारा महिने चालते हे खरं, पण गाव पेंगत असतं.

चालायला चांगले महिने म्हणजे जूनअखेर ते सप्टेंबरअखेर. त्यातही सप्टेंबर मला उजवा वाटतो. गर्दी ओसरलेली असते, हवा स्वच्छ असते. पण सप्टेंबर म्हटलं की आपल्या घरी गणपती! घर सोडून जायचं कसं? आम्ही अनंत चतुर्दशीला गणपती पाठवले आणि त्यानंतर निघायचं ठरवलं. जाऊबाई म्हणाल्या, "अगं, पितृपंधरवड्यात कुणी फिरायला जातं का?" मामंजींची तिथी द्वितीयेची. ती केली, ब्राह्मण जेवून गेले, आणि रात्री बॅगा भरल्या. मामंजी असते तर त्यांनीच आधी रेल्वेचं वेळापत्रक काढलं असतं.

व्हिसाचं थोडक्यात सांगते. स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेत आहे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच वेळ जातो, तेव्हा पंधरा दिवसांवर विसंबू नका. ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोचा लागतो. डोंगरात चालणार असाल तर हेलिकॉप्टरने सोडवून आणायचा खर्च त्यात धरलाय का, ते बारीक अक्षरात वाचून घ्या.

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन. तिथून फिस्प नावाच्या गावापर्यंत मोठी गाडी. वाटेत २००७ साली सुरू झालेला लोट्शबर्गचा पायथ्याचा बोगदा लागतो, साडेचौतीस किलोमीटरचा. आत शिरताना एक हवा आणि बाहेर पडल्यावर दुसरीच, असंही कधीकधी होतं. फिस्पला फलाट बदलून छोट्या रुळांची लाल गाडी. ती जवळजवळ हजार मीटर चढते, आणि जिथे चढ फार तिथे रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी असते. गाडीखालचं चाक त्या दातांत अडकत अडकत वर जातं. मेट्टुपाळयमहून कुन्नूरला वाफेच्या गाडीने गेला असाल तर ही युक्ती तुम्ही पाहिलेली आहे; दोन्हीकडे पद्धत तीच, आब्ट नावाच्या स्विस माणसाची. झुरिक ते झरमॅट सगळं मिळून साडेतीन तासांच्या आसपास.

गाडी भाड्याने घेऊन जाणाऱ्यांनी ऐकून ठेवा, झरमॅटमध्ये मोटारी नेता येत नाहीत. पाच किलोमीटर अलीकडे टेश नावाचं गाव आहे, तिथे मोटार ठेवायची आणि बारा मिनिटांच्या रेल्वेने वर यायचं. जाऊबाईंना हे एका वाक्यात कळलं. "म्हणजे दस्तुरी नाका!" अगदी तसंच. माथेरानला जसं दस्तुरीला मोटार सोडून पुढे पायी, घोड्यावर किंवा छोट्या गाडीने, तसंच हे. फरक एवढाच, की झरमॅटच्या रस्त्यावर लाल माती उडत नाही आणि विजेवर चालणाऱ्या चौकोनी डब्यासारख्या टॅक्सी आवाज न करता मागून येतात. त्या गावातच बनवतात. दिसायला कपाटाला चाकं लावल्यासारख्या, पण सामान मावतं भरपूर. पहिल्या दिवशी मी दोनदा दचकले. माथेरानच्या घोड्यांची टापांची सवय असलेल्या माणसाने तिथे मागे बघत चालावं.

आणि उंचीचं गणित बघा. आपलं कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. झरमॅटचं स्टेशन साधारण १,६०० मीटरवर. म्हणजे महाराष्ट्रात जिथे डोंगर संपतो, तिथे यांचं गाव सुरू होतं. म्हणूनच पोचल्या पोचल्या सगळ्यात वरच्या पाळण्याकडे धावू नका. क्लाइन मॅटरहॉर्न हे वेगळंच शिखर, तिथलं पाळण्याचं स्थानक ३,८८३ मीटरवर आहे. तासाभराच्या आत तुम्ही तेवढे वर जाता, आणि डोकं ठणकतं, जिना चढताना धाप लागते. पहिला दिवस गावात काढा, दुसऱ्या दिवशी मधली उंची गाठा, मग वर जायचं तर जा.

तिकिटांबद्दल लोक मला फार विचारतात. स्विस ट्रॅव्हल पास घेतला तर झरमॅटपर्यंतचा प्रवास त्यात येतो, पण तिथून वर जाणाऱ्या डोंगरी गाड्यांना निम्मं तिकीट पडतं. दुसरा मार्ग हाफ फेअर कार्डाचा. ते महिनाभर चालतं आणि रेल्वे, बोटी, बहुतेक डोंगरी गाड्या सगळ्यांना निम्मे पैसे लागतात. एकाच गावी तीन-चार रात्री मुक्काम असेल तर बरेचदा हे कार्डच परवडतं, कारण रोज लांबचा प्रवास नसतोच. कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करा. एक फ्रँक म्हणजे शंभराहून जास्त रुपये, चूक महागात जाते.

पण मुख्य गोष्ट ही, की डोंगराचं तिकीट घरून काढून नेऊ नका. मॅटरहॉर्न एकटा उभा आहे. वारा त्याच्या एका अंगावर आपटतो आणि दुसऱ्या, आडोशाच्या अंगाला ढग धरतो. आकाश निळंशार असतानाही शेंड्याला झेंड्यासारखा ढग लटकलेला दिसतो तो त्यामुळे. उन्हाळ्यात सकाळी निरभ्र आणि दुपारी ढग, हा रोजचाच क्रम. म्हणजे दहा ते तीन या वेळात झरमॅट बघणं ही आमची पहिली खेप किती बिनडोक होती, बघा.

तिथले लोक काय करतात? सकाळी उठून आधी कॅमेरा बघतात. प्रत्येक वरच्या स्थानकावर कॅमेरा असतो आणि त्याचं चित्र खाली टीव्हीवर, फोनवर दिसतं. आम्ही उतरलो होतो तिथली बाई नाश्त्याच्या खोलीत टीव्ही लावूनच ठेवायची. पहिल्या सकाळी पडदा नुसता पांढरा. जाऊबाई म्हणाल्या, "टीव्ही बिघडलाय का हो हा?" मी ते इंग्रजीत सांगितलं, तर ती बाई हसून म्हणाली, टीव्ही ठीक आहे, डोंगर बिघडलाय. आज वर जाऊ नका, पैसे वाचवा.

तो दिवस आम्ही गावात काढला, आणि चांगला गेला. हिंटरडॉर्फ म्हणून जुनी वस्ती आहे. लार्चच्या लाकडाची धान्याची कोठारं, उन्हाने काळीभोर झालेली, एकमेकांना खेटून. प्रत्येक कोठार लाकडी खुंटांवर उभं, आणि प्रत्येक खुंटाच्या डोक्यावर जात्याच्या तळीसारखी एक चपटी, गोल शिळा. उंदीर खुंट चढून येतो, पण शिळेच्या कडेला उलटं लटकून पुढे जाता येत नाही, परत फिरतो. जाऊबाई कोकणातल्या. त्यांनी वाकून वाकून चार-पाच शिळा पाहिल्या आणि म्हणाल्या, "आमच्या कणगीला ही अक्कल कुणी वापरली नाही गं."

चर्चजवळच्या संग्रहालयात एक दोरीचा तुकडा आहे. १४ जुलै १८६५ला एडवर्ड व्हिम्पर आणि सहा जण मॅटरहॉर्नच्या माथ्यावर पहिल्यांदा पोचले. उतरताना एकोणीस वर्षांच्या हॅडोचा पाय सुटला, त्याच्याबरोबर आणखी तिघे ओढले गेले, आणि उरलेल्या तिघांशी बांधलेली दोरी मध्येच तुटली. चार गेले, व्हिम्पर आणि झरमॅटचे टाउगवाल्डर बापलेक असे तिघे वाचले. दोरी कापली की तुटली, यावर तेव्हा मोठं वादळ उठलं. काचेआडचा तो तुकडा इतका बारीक आहे, की आपण त्याच्यावर ओली चादरसुद्धा जरा विचार करूनच वाळत घालू. गर्दीच्या दौऱ्यात आम्ही त्या दारावरून पुढे गेलो होतो.

जेवणाचं. शाकाहारी असाल तर रोश्टी मिळते, बटाट्याच्या किसाची जाडसर धिरड्यासारखी, पण कधीकधी तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, आधी विचारा. तिथली बरीच पारंपरिक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने लावलेली असतात, ज्यांना चालत नाही त्यांनी रॅक्लेटच्या, म्हणजे वितळवलेल्या चीजच्या, वासाला भुलू नये. आम्ही स्वयंपाकघर असलेली खोली घेतली होती. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट बरोबर नेलं होतं. भात लावायचा, मेतकूट कालवायचं, झालं. मात्र तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ आणि मांस तिथे न्यायला बंदी आहे. पाण्याच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका, नळाचं पाणी बिनधास्त प्या.

दुसऱ्या सकाळी टीव्हीच्या पडद्यावर डोंगर होता. आम्ही गोर्नरग्राटच्या गाडीत उजव्या बाजूला बसलो. ही गाडी १८९८पासून विजेवर चालते. तेहेतीस मिनिटांत ३,०८९ मीटरवर नेते. वर बर्फाची नदी बघायची, आणि उतरताना एक स्टेशन आधी, रोटनबोडनला, उतरायचं. तिथून दहा मिनिटांवर रिफेलझे नावाचं तळं आहे. वारा पडलेला असेल तर अख्खा मॅटरहॉर्न त्यात उलटा दिसतो. आम्ही पोचलो तेव्हा वारा होता. डोंगर वर सरळ आणि खाली पाण्यात चुरगळलेला.

तिसऱ्या सकाळी निघायचं होतं. पहाटे साडेसहाला जाऊबाईंनी मला उठवलं. अंगावर दोन स्वेटर, वर शाल, पायात मोजे आणि चपला. चर्चजवळच्या पुलावर वीसेक माणसं आधीच उभी होती, कुणी बोलत नव्हतं. खाली नदी, दुधात राख कालवल्यासारख्या रंगाची. सातच्या सुमाराला शेंड्यावर टिकलीएवढा लालसर ठिपका उमटला. तो हळूहळू खाली पसरत गेला, तांबूस, मग नारिंगी, मग पिवळा. गावात अजून अंधारच होता. पंधरा मिनिटांत सगळं संपलं आणि डोंगर साधा राखाडी झाला.

जाऊबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "वाकडा आहे गं हा. लोहचुंबकावर सरळ काढलाय."

नमस्कार.